सुफळ संपूर्ण कधी? स्ट्रीमिंग कंपन्यांना खुलं पत्र

मालिका मंजूर करणाऱ्या, लांबवणाऱ्या आणि बंद करणाऱ्या सर्व वरिष्ठांना,

स. न. वि. वि.

तुमच्याकडच्या गोष्टींना शेवट मिळेनासा झाला आहे, ही माझी तक्रार. कुठे तो येतच नाही. कुठे तीन-तीन वर्षं लांबतो. कुठे येतो, पण अगदी शेवटच्या मिनिटाला त्यात पुढच्या मालाची जाहिरात घुसवलेली असते. आणि लेखक-दिग्दर्शकाने जीव ओतून सगळं समेवर आणलेलं असतं तिथे श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यात ढकलली जाते आणि ‘आता हे पाहा’ म्हणत दुसरंच काहीतरी सुरू होतं. गेल्या दीड-दोन वर्षांत आलेल्या काही मालिका आणि चित्रपट पाहून हे मत झालं. खाली रहस्यं फोडलेली आहेत. शेवटांबद्दल लिहायचं तर शेवट सांगावेच लागतात, त्याला माझा इलाज नाही.

आधी समाधान कुठे झालं ते सांगते. मार्च २०२५ मध्ये आलेली ‘ॲडोलसन्स’. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कुठेही न कापता एका सलग शॉटमध्ये चित्रित केलेला. त्या शॉटचं कौतुक सगळ्यांनी पोटभर केलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला तिची बांधणी जास्त भावली. तेरा वर्षांच्या जेमीवर शाळेतल्या एका मुलीच्या खुनाचा आरोप आहे, आणि तो त्याने केला की नाही हे पहिल्याच भागाच्या शेवटी सीसीटीव्हीच्या चित्रणातून समोर येतं. रहस्यमालिका म्हणून बसलेल्या प्रेक्षकाच्या हातातलं रहस्य तासाभरात काढून घेतलं जातं. पुढचे तीन भाग आपण ‘असं का झालं’ एवढ्यासाठी पाहतो, आणि त्याचंही चोख उत्तर कुणी देत नाही. शेवटच्या भागात तेरा महिने उलटलेले आहेत, बापाचा पन्नासावा वाढदिवस आहे. कोर्ट दिसत नाही. शिक्षा किती झाली ते कळत नाही. बाप मुलाच्या रिकाम्या खोलीत जातो, पलंगावर पडून रडतो आणि मुलाच्या खेळण्यातल्या अस्वलाला पांघरूण घालतो. बस्स. एवढे धागे मोकळे सोडूनही गोष्ट पुरी झालेली आहे, कारण ज्या प्रश्नावर ती उभी होती त्या प्रश्नासमोर तिने बापाला आणून सोडलं. त्याच्या पुढे सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नाही आणि ते तिला ठाऊक आहे.

या मालिकेला सप्टेंबर २०२५ च्या एमी पुरस्कारांत मर्यादित मालिकेचा मान मिळाला. मर्यादित म्हणजे एकाच सीझनमध्ये आटोपणारी. पण तिची लोकप्रियता दिसताच पुढच्या सीझनच्या शक्यतेबद्दल निर्मात्यांकडूनच बोललं जाऊ लागलं होतं. कृपा करा, नको. हवं तर त्याच लेखकांना दुसरी गोष्ट लिहायला सांगा.

नको का म्हणते, त्याला ‘स्क्विड गेम’ साक्षीला आहे. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी ही गोष्ट मुळात एका चित्रपटापुरती कल्पिली होती. २०२१ चा पहिला सीझन पाहताना ते जाणवतं: कर्जबाजारी माणसांचा पैशासाठी जिवावरचा खेळ, एकाचा विजय, आणि त्या विजयाची चव कडू. तिथे थांबता आलं असतं. मग डिसेंबर २०२४ मध्ये सात भागांचा दुसरा सीझन आला. तो बंडाच्या ऐन मध्यावर तुटतो. नायकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मित्राला गोळी घातली जाते आणि पडदा काळा होतो. उरलेले सहा भाग जून २०२५ मध्ये. एकच कथा मधोमध चिरून दोनदा वाढली, हे कुणाच्याही लक्षात येईल. तरीसुद्धा तिसऱ्या सीझनच्या अखेरीस नायक गी-हून नवजात बाळासाठी जीव देतो तेव्हा त्याची भूमिका करणाऱ्या ली जंग-जे यांच्या चेहऱ्याने मला गप्प केलं. (त्या मुखवटेवाल्या धनिकांचे संवाद मात्र दर वेळी इतके लाकडी का असतात, हे कोडं सुटलेलं नाही.) इथवर येऊन थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मग लॉस एंजेलिसची गल्ली, सूट घातलेली केट ब्लँचेट, तोच खेळ, नवा गिऱ्हाईक. ज्या माणसाने खेळ थांबावा म्हणून जीव दिला त्याच्या मरणावर काही मिनिटांत ‘आमची दुसरी शाखा’ अशी पाटी लावली गेली. हा प्रसंग व्यवस्थेच्या निबरपणावरचं भाष्य आहे असं कुणी म्हणेल. असेलही. मला त्यात पुढच्या कराराचा वास आला.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चं प्रकरण जरा गुंतागुंतीचं, म्हणून त्यावर थोडं थांबते. २०१६ ला सुरू झालेली मालिका २०२५ च्या शेवटच्या दिवशी संपली. अगदी शेवटचा समारोप सोडला तर कथेत या काळात चारच वर्षं गेली, १९८३ ते १९८७. पडद्यावरची मुलं मात्र नऊ वर्षांनी मोठी झाली, आणि दहावी-अकरावीच्या वर्गात बसलेली ही दाढीमिशांची मंडळी पाहताना आपण मुकाट्याने डोळे मिटून घ्यायचे. शेवटचा सीझन आठ भागांचा. तोही तीन हप्त्यांत: २६ नोव्हेंबरला चार, नाताळला तीन आणि ३१ डिसेंबरला एक, दोन तासांहून जरा लांब. सण गाठायचे, वर्गणी एक महिना आणखी चालू राहील असं पाहायचं, हा हिशोब लपवलेलाही नाही.

आणि तरी, त्या दोन तासांतला उत्तरार्ध मला आवडला. राक्षसाशी झालेली लढाई यथातथाच होती, तिथे पैसा दिसला आणि भीती दिसली नाही. पण लढाई संपल्यावर मालिकेने घाई केली नाही. कोण कुठे गेलं, कुणाचं काय झालं, हे निवांत सांगितलं. मुलं जिथे पहिल्या भागात खेळत बसली होती त्याच तळघरात शेवटचा डाव खेळली आणि टेबल धाकट्यांच्या हवाली करून वर गेली. अचाट शक्ती असलेली इलेव्हन जिवंत आहे की नाही, हे तिच्या मित्राने, माइकने रचलेल्या गोष्टीवर सोडलं. त्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते आपण ठरवायचं. निरोप कसा घ्यावा हे ज्यांना कळतं त्यांनी तो लिहिला आहे.

पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. बऱ्याच चाहत्यांनी ठाम समजूत करून घेतली की हा शेवट खोटा आहे, जानेवारीत एक गुप्त नववा भाग येणार आहे. दृश्यांतल्या वस्तूंचे रंग, पात्रांचे हात कसे ठेवलेत, कशाकशातून पुरावे काढले गेले. भाग अर्थातच आला नाही. लोकांनी या मंडळींची टिंगल केली. मला त्यांची दया आली, आणि थोडा राग आला तो तुमचा. ज्या प्रेक्षकाला दहा वर्षं ‘अजून आहे, अजून आहे’ एवढंच ऐकवलं, त्याला ‘संपलं’ हा शब्द ऐकूच येईनासा झाला तर नवल काय?

मोकळा शेवट आणि शेवट नसणं यांत मी गल्लत करत नाहीये. ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनची अखेर मोकळी आहे. एकाच शरीरातले दोन मार्क, एक घरचा आणि एक ऑफिसातला, दोघांच्या आठवणी शस्त्रक्रियेने वेगळ्या केलेल्या; एकाची बायको दाराबाहेर हाका मारते आहे आणि दुसरा आपल्या प्रेमाचा हात धरून उलट दिशेला पळतो. पुढे काय होणार ते माहीत नाही, पण त्या माणसाने निवड केली आहे आणि दहा भाग त्या निवडीकडेच चालले होते. हा शेवट आहे. याच मालिकेचा पहिला सीझन मात्र एप्रिल २०२२ मध्ये वाक्याच्या मधोमध तुटला होता आणि पुढचं वाक्य जानेवारी २०२५ मध्ये आलं. मधे लेखकांचा आणि कलाकारांचा संप झाला, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही (म्हणजे संप का करावा लागला याचा देते, पण ते वेगळं पत्र होईल). इतक्या अंतराने कोण कुठल्या मजल्यावर होतं हे आठवायला पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागतं. मालिका चांगली असली की माणूस तेही करतो. सुमार असली की सोडून देतो.

‘स्टार वॉर्स’च्या दुनियेतल्या ‘अँडोर’ने यावर मार्ग काढून दाखवला. तिचे कर्ते टोनी गिलरॉय यांच्या मनात आधी पाच सीझन होते. या वेगाने म्हातारे होऊ, हे लक्षात आल्यावर त्यांनी दोनच करायचं ठरवलं आणि दुसऱ्या सीझनमध्ये तीन-तीन भागांचा एक टप्पा करून प्रत्येक टप्प्याला एक वर्ष दिलं. एप्रिल-मे २०२५ मध्ये दर आठवड्याला तीन भाग आले आणि चार आठवड्यांत सगळं आटोपलं, ‘रोग वन’ हा २०१६ चा चित्रपट जिथे सुरू होतो त्याच्या उंबरठ्यावर. त्या चित्रपटात नायक मरतो हे प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं, आणि तरी ती गेल्या काही वर्षांतली माझी सर्वांत आवडती मालिका. पाच सीझनांचा ऐवज दोनात बसवताना पाणी आटलं आणि सत्त्व उरलं. लेखकाला ‘तुझ्याकडे इतकीच जागा आहे’ हे वेळेवर सांगितलं की काय होतं, ते इथे पाहा.

वेळेवर सांगितलं नाही की काय होतं, तेही पाहू. जर्मन ‘डार्क’ तीन सीझनांत संपेल असं तिच्या कर्त्यांनी योजलं होतं आणि २०२० मध्ये ती तशी संपली. काळाच्या इतक्या गाठी मारलेली मालिका शेवटी सुटी होताना पाहणं हा दुर्मीळ आनंद होता. त्याच दोघांनी, बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘१८९९’ आणली. हीसुद्धा तीन सीझनांची योजना. पहिला सीझन शेवटच्या क्षणी सगळा पटच उलटा करतो: जहाज, प्रवासी, वर्ष, सगळं. आता खरी गोष्ट सुरू होणार. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीलाच कळलं की होणार नाही. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. ‘व्हील ऑफ टाइम’चा तिसरा सीझन समीक्षकांना आधीच्या दोन्हींपेक्षा सरस वाटला होता, मलाही. तो एप्रिल २०२५ मध्ये संपला आणि मे महिन्यात मालिका बंद झाल्याची बातमी आली. मालिका हळूहळू सुधारली, तर सुधारल्याची शिक्षा झाली.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. नेटफ्लिक्सचे सह-प्रमुख टेड सरांडोस यांनी २०२३ मध्ये ते दिलंच होतं: आम्ही यशस्वी मालिका कधी बंद केलेली नाही, बंद झाल्या त्या मोठ्या खर्चात छोट्या प्रेक्षकवर्गाशी बोलणाऱ्या. ठीक. धंदा आहे, धर्मादाय नाही, आणि तोट्यातली मालिका चालवा असं मी म्हणत नाही. पण यश मोजता कशाने, तेवढं पाहू.

२०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीला नेटफ्लिक्सने आपली मोजणी समजावून सांगितली होती. सुरू करणारे, पाहणारे आणि पूर्ण करणारे असे तीन वर्ग. यातला ‘पूर्ण करणारा’ म्हणजे चित्रपटाचा किंवा सीझनचा नव्वद टक्के भाग पाहिलेला. आठ भागांच्या सीझनमधून दहा टक्के वजा करा. जवळजवळ एक अख्खा भाग जातो, आणि तो कुठला असणार हे सांगायला नको. म्हणजे शेवटचा भाग जेमतेम सुरू करून सोडणाराही तुमच्या वहीत मालिका ‘पूर्ण’ करतो. आता कुठलं शीर्षक किती तास पाहिलं गेलं याचा, डिसेंबर २०२३ पासून निघणारा नेटफ्लिक्सचाच अहवाल घ्या. पहिल्या खेपेला त्यात अठरा हजारांहून जास्त शीर्षकं होती आणि सहा महिन्यांत पाहिलेले सुमारे १०० अब्ज तास. पारदर्शकता म्हणून त्याचं स्वागत झालं, मीही केलं. पण त्या सबंध तक्त्यात किती जणांनी शेवट गाठला, हा रकानाच नाही. ‘व्ह्यूज’चा जो आकडा मिरवला जातो तो एकूण तासांना मालिकेच्या लांबीने भागून काढलेला असतो. दोघांनी कंटाळून अर्ध्यावर सोडली, तर दोघांचं मिळून एक दर्शन पूर्ण! ज्या हिशोबात शेवटाला किंमतच नाही, त्या हिशोबावर चालणाऱ्या कारखान्यातून शेवट कसे बाहेर पडतील?

यातून एक चक्र तयार झालं आहे आणि ते फिरवणाऱ्यांत आम्ही प्रेक्षकही आहोत. चार मालिकांनी अर्ध्यावर सोडल्यावर माणूस शहाणा होतो. तो म्हणतो, पूर्ण होऊ दे, मग बघू. माझ्या ओळखीतले कितीतरी जण आता अंतिम सीझन जाहीर झाल्याशिवाय नव्या मालिकेला हात लावत नाहीत. पण पहिल्या आठवड्यात आणि पहिल्या अठ्ठावीस दिवसांत किती जण आले याकडे तुमचं लक्ष लागलेलं. लोक थांबले, आकडा पडला, मालिका बंद. थांबलेले म्हणतात, ‘बघ, बरं झालं सुरू केली नाही.’ पुढच्या वेळी ते आणखी थांबतात. वर्गणीदाराचा विश्वास उडाला की तो विश्वासच तुमच्या आकड्यांतून वजा होतो, आणि ती वजाबाकी त्या बिचाऱ्या नव्या मालिकेच्या खात्यात मांडली जाते. तिचा यात काय गुन्हा?

टीव्ही वाहिन्या जुन्या काळी मालिका बंद करत नव्हत्या का? धडाधड करत होत्या. फरक असा की त्या मालिकांचा प्रत्येक भाग बहुतेक वेळा स्वतःपुरता पुरा असायचा. गुन्हा घडला, सापडला, झोपायला गेलो. मालिका बंद पडली तरी पाहिलेल्या वीस गोष्टी पदरात असायच्या. तुमचा सीझन म्हणजे एकच गोष्ट, आठ तुकडे केलेली, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला ‘पुढे काय?’चा गळ लावलेला. तो गळ तुम्ही लावता. मासा गळाला लागल्यावर दोर कापून निघून जाता.

उपाय नवा शोधायचा नाही. ‘सेन्स८’ जून २०१७ मध्ये बंद झाली, चाहत्यांनी रान उठवलं, आणि जून २०१८ मध्ये अडीच तासांचा एक समारोपाचा भाग निघाला. घाईचा होता, दोन-तीन सीझनांचं सामान त्यात कोंबलेलं होतं, काही ठिकाणी हसू येतं. पण आज कुणी विचारलं की ‘सेन्स८ सुरू करू का?’ तर मी बेलाशक हो म्हणते. ‘१८९९’बद्दल विचारलं तर गप्प बसते. एका भागाच्या खर्चात अख्खी मालिका पुन्हा पाहण्याजोगी झाली. तुमच्या भांडारात ती वर्षानुवर्षं कमावत राहील. मग ही तजवीज आंदोलनावर का सोडायची? मालिका मंजूर करतानाच एका समारोपाच्या भागाचा खर्च बाजूला काढून ठेवा. मालिका चालली तर त्याची गरज पडणार नाही. पडली तर लेखकाला तीन महिने द्या आणि म्हणा, नव्वद मिनिटांत आवर. लेखक आवरतात. चांगल्या लेखकाला आपला शेवट पहिल्या दिवसापासून माहीत असतो, बहुतेकांना तर तो लिहायची सर्वांत जास्त घाई असते.

आमच्या जुन्या कहाण्या ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून संपतात. साठ उत्तरं सांगायची सवड नसेल तर पाचांत सांग, पण संपव, ही मुभा सांगणाऱ्याला आहे. अर्ध्यावर उठून जायची नाही.

चित्रपटगृहांनाही आता हा संसर्ग झालाय, त्याबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ च्या ‘विकेड’च्या जाहिरातींत हा अर्धाच चित्रपट आहे हे ठळकपणे कुठेच नव्हतं. मध्यंतरासकट पावणेतीन तासांत आटोपणारं संगीत नाटक, त्याचा पूर्वार्धच इथे दोन तास चाळीस मिनिटांचा. पण पहिला भाग ज्या गाण्यावर संपतो ते गाणं मुळात अंकाचा पडदा पाडण्यासाठीच रचलेलं आहे, म्हणून तो शेवट खणखणीत वाजतो. वर्षभराने आलेला दुसरा भाग मला फिका वाटला. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ जून २०२३ मध्ये ऐन कड्यावर लटकला. पुढचा भाग मार्च २०२४ ला येणार होता, आता २०२७ वर गेलाय. तेव्हा सातवीत असलेलं पोर तोवर कॉलेजच्या अर्जांकडे बघत असेल. केव्हिन कॉस्टनर यांच्या ‘होरायझन’चा पहिला भाग जून २०२४ मध्ये आला, तीन तास पात्रांची ओळख करून देण्यात गेले, आणि गल्ला जमला नाही म्हटल्यावर ऑगस्टमध्ये ठरलेलं दुसऱ्या भागाचं प्रदर्शन रद्द झालं. पूर्ण तिकीट घेऊन अर्धा चित्रपट दाखवायचा असेल तर निदान दारावर तसं लिहा.

श्रेयनामावलीचं म्हणाल तर ती पूर्ण चालू देणं हा मूळ पर्याय असावा, आणि उडी मारायची ज्याला हौस आहे त्याने बटण दाबावं. आज उलटं आहे. रडू आवरत बसलेल्या माणसासमोर पाच सेकंदांची उलटी मोजणी सुरू करणं हा असभ्यपणा आहे. सेटिंगमध्ये कुठेतरी तो बंद करायची सोय असते, हे मला कुणी सांगू नये. मला सापडली आहे. प्रश्न ती लपवून का ठेवली जाते एवढाच आहे.

आणि सगळ्यांत वाईट प्रकार: शेवट असलेली, पूर्ण झालेली कलाकृतीच नाहीशी करणं. डिस्नेने ‘क्रेटर’ हा लहान मुलांचा विज्ञानपट १२ मे २०२३ ला आणला आणि ३० जूनला काढून टाकला. त्याच सुमाराला ‘विलो’ मालिकाही गेली, जेमतेम सहा महिन्यांची होती. वॉर्नर ब्रदर्सचा ‘बॅटगर्ल’ तर चित्रीकरण पूर्ण होऊनही ऑगस्ट २०२२ मध्ये कपाटात गेला, कुणी पाहूच शकलं नाही. त्यांच्याच ‘कायोटी व्हर्सेस ॲक्मी’चंही तेच होणार होतं. ओरड झाली म्हणून २०२५ मध्ये तो दुसऱ्या वितरकाला विकला गेला. ताळेबंदात यामुळे काय सुधारतं ते तुमचे लेखापाल जाणोत. पण ज्यांनी वर्ष-दोन वर्षं राबून ते काम केलं त्यांना आपलं काम दाखवायला डिस्कसुद्धा उरत नाही. दाखवायचं नसेल तर विका. विकायचं नसेल तर डिस्क काढा. जाळून टाकण्याचा हक्क मालकाला असतो हे मान्य करूनही मी म्हणते की तो वापरू नका.

माझी शेवटची मागणी सगळ्यांत स्वस्त आहे, म्हणून ती आधी मान्य करा. प्रत्येक शीर्षकाखाली तुम्ही वयोगट लिहिता, भाषा लिहिता, हिंसा आणि शिव्यांची सूचना देता, कितवा सीझन ते सांगता. त्याच ओळीत आणखी एक शब्द घाला: ‘पूर्ण’, ‘चालू’ किंवा ‘अपूर्ण’. ‘१८९९’च्या चित्राखाली ‘अपूर्ण’ असं लिहिलेलं असतं तरीही कदाचित मी ती पाहिली असती, त्या जहाजासाठी. पण ठरवून पाहिली असती. ‘चालू’ असेल तर पुढचा सीझन मंजूर आहे की नाही तेही लिहा, आणि मंजुरी मागे घेतली की त्याच दिवशी शब्द बदला. बंद केल्याची बातमी आम्हाला वर्तमानपत्रातून कळते आणि तुमच्या ॲपवर मात्र ती मालिका ‘आता पाहायलाच हवी’च्या रांगेत झळकत असते. तेवढं तरी थांबवा. याला लेखक लागत नाही, नवा करार लागत नाही, मंजुरीसाठी बैठकही लागू नये.

आपली,
एक जुनी वर्गणीदार